प्राचार्यांनी खाल्लेला गूळ

"आज तुह्यी नागपूरची जागा पक्की करूनच परत येतो!" बैलांना पाणी पाजता पाजता बापू म्हणाले, ते इतक्या खात्रीनं की बैलांनीही माना डोलावल्या.

१९५९ सालचा जून. बापू म्हणजे धावजी राठोड, आणि सुखी त्यांची एकुलती लेक. आई लवकर गेली, तिला वाढवलं बापूंच्या बहिणीनं, सोनीबाईनं. यवतमाळपासून दोन कोसांवरच्या बंजारा तांड्यातून कॉलेजात गेलेली सुखी पहिली मुलगी. विज्ञानाचं पहिलं वर्ष तिनं पहिल्या नंबरानं काढलं होतं. पुढं तिला गणित शिकायचं होतं आणि ते यवतमाळात नव्हतं. नागपूरच्या एका मोठ्या कॉलेजात होतं. तिथं दुसऱ्या वर्षाला बाहेरच्यांसाठी जागा दोन, अर्ज साठ! नाही मिळाली, तर तिचं गणित तिथंच संपणार.

हे तिनं बापूंना समजावून सांगितलं. बापूंनी त्यातलं हवं तेवढंच घेतलं.

"म्हंजे एक घर सोडून दुसऱ्या घरी जायचं. अन् ते घेतीन का नाही, मालूम नाही. असंच ना?"

"तसंच, पन बापू..."

"मंग टपालानं कायले इचारून राह्यली? आपल्यात लेक देताना मानसं जाते!"

आणि माणसं निघाली! तांड्याचे नायक फुलसिंग, दोन म्हातारे पंच, बापू, आणि बापूंच्या मांडीवर गुळाची भेली. चार लाल फेटे पाहून कंडक्टरनं विचारलं, "नवरदेव कुठं हाय?" बापू म्हणाले, "नागपुरात!" शेजारी बसलेल्या सुखीनं खिडकीबाहेर पाहिलं ते थेट वर्धा येईपर्यंत.

कॉलेजच्या शिपायाला वाटलं, मोर्चा आला. त्यानं धाडकन फाटक लावलं. मग नायकांनी हाक मारली. ती हाक चार शेतं ओलांडून गुरांना परत आणायची. तिनं प्राचार्यांना आणलं.

खोलीत खुर्ची एकच. चौघे जमिनीवर बसले. चष्मेवाले प्राचार्य थोडा वेळ टेबलामागे चुळबुळले आणि शेवटी स्टूल ओढून समोर येऊन बसले. दारात उभ्या सुखीला भिंतीवरच्या घड्याळात शिरून काटा होऊन राहावंसं वाटत होतं.

"पोरगी कामाले वाघीन हाय," नायकांनी बोलणं सुरू केलं. "कोनाले उलटून बोलत नाही."

"अहो, आम्ही स्वभाव पाहत नाही. मार्क पाहतो."

"मार्क तं पाहालच," बापू म्हणाले. "पन घर पाह्यलं काय? मानसं पाह्यली काय? म्हून घेऊन आलो. पाहा!"

प्राचार्यांनी पाहिलं. "तसं नसतं हो. साठांतून दोघांनाच घ्यायचंय. आज काही सांगणं कठीण आहे."

"बाकी एकुनसाठाचे बाप आलते काय?"

"छे! कोणीच नाही."

"मंग!" बापूंनी पंचांकडे असं पाहिलं की जणू कोर्ट जिंकलं.

भेली फुटली. प्राचार्यांनी सौजन्यानं एक खडा तोंडात टाकला, आणि नायक ताडकन उठले.

"गूळ खाल्ला! गोठ पक्की!"

"पक्की! पक्की!" पंच गरजले. काय झालं म्हणून गणिताचे प्राध्यापक धावत आले, तर बापूंनी त्यांच्याही तोंडात खडा कोंबला. "हे साक्षीदार!"

"अहो, काय पक्कं?"

"पोरगी तुमची झाली! पंचाईपुढं गूळ खाऊन माघार घेतली, तं आमच्यात दंड बसते!"

प्राचार्यांचा जबडा जागीच थांबला. गूळ गिळावा तर प्रवेश द्यावा लागेल, थुंकावा तर पंच समोर!

परतीच्या बसमध्ये बापूंनी विचारलं, "कसं केलं काम?"

"बापू, ते मार्कांवरच ठरन," सुखी म्हणाली.

पण सकाळच्या बसमधल्या लोकांनी तांड्यात बातमी आधीच पोचवली होती. सोनीबाई सुखीच्या गळ्यात पडून सासरी जाणाऱ्या पोरीसाठी रडतात तशी सुरात रडायला लागली.

"फूफी, कॉलेज हाय ते!"

"असू दे वो माय! पन सासू कशी हाय?"

बापू इतके हसले की फेटा सुटला.

दुसऱ्या दिवशी पहाटे बैल सोडायला जाताना त्यांच्या छातीत कळ आली. अंगणातच त्यांचा जीव गेला. उरलेल्या गुळाला अजून मुंग्याही लागल्या नव्हत्या.

जुलैत सुखीचं नाव लागलं. ती एकटीच नागपूरला गेली. प्राचार्यांनी तिला मुद्दाम बोलावून घेतलं.

"हे बघ, तुझी निवड मार्कांवर झाली. साठांत तू पहिली आहेस. गुळाचा काही संबंध नाही. हे वडिलांना नीट समजावून सांग, नाहीतर पुढच्या वर्षी माझ्या दारात साठ तांडे येतील!"

"ते गेले, सर. इथून परतले त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

प्राचार्यांनी चष्मा काढला. सुखीचं बोलणं संपलं नव्हतं. कॉलेजात ती नेहमी पुस्तकातल्यासारखी मराठी बोलायची; त्या दिवशी तांड्यातली आली, आणि बाहेरच्या शिपायालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं आली.

"मार्क माहे असतीन, सर. पन मले इथं माह्या बापूनं देल्लं!"