स्वल्प बाक आहे

नवा भाडेकरू आला की घरमालक नळ बघतो, भिंतीत खिळे किती ठोकले ते बघतो. आमच्या घरमालकांनी, म्हणजे गणपतअण्णा क्षीरसागरांनी, आमचं लाटणं बघितलं.

आमचं सामान अजून पोत्यांतच होतं. अण्णा किल्ली द्यायला वर आले, ओट्यावरचं लाटणं उचललं, कडप्प्यावर आडवं ठेवलं आणि तळव्याने हलकेच ढकललं. लाटणं गडगडत निघालं. अण्णा गुडघे वाकवून, एक डोळा मिटून त्याच्या खालचा उजेड बघत राहिले. ते भिंतीला जाऊन टेकलं तेव्हा उभे राहिले.

"स्वल्प बाक आहे," म्हणाले.

लाटणं माझ्या बायकोला, माधवीला, तिच्या आईने रुखवतात दिलेलं. "पोळ्या गोल होतात," माधवी जरा तोऱ्यातच म्हणाली.

"होतात की. पोळ्यांना मी कुठे नाव ठेवलं? लाटण्यात बाक आहे. सांगून ठेवलं."

एवढं बोलून किल्ली खिशात तशीच ठेवून अण्णा खाली निघून गेले.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं. मी कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी पुण्याहून बंगलोरला आलो होतो. चामराजपेटेतल्या त्या घरात वर आम्ही आणि खाली अण्णा आणि त्यांच्या पत्नी रुक्माक्का राहत. त्यांचं मराठी घराणं कित्येक पिढ्या इथलंच. थोडं म्हणायचं तिथे ते 'स्वल्प' म्हणत आणि बरं म्हणायचं तिथे 'सरी'. हे शब्द कन्नड आहेत असं मी एकदा सांगितलं, तर अण्णांनी माझ्याकडेच संशयाने बघितलं.

अण्णांनी बंगलोरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हयात काढली, तीही इन्स्पेक्शनमध्ये. दुसऱ्यांनी केलेला माल नापास करायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, पण नापास करणं सुटलं नाही. उदबत्ती, पडद्याचा दांडा, माझी छत्री, सगळं त्या एका डोळ्याखालून जाई. पुतणीला स्थळ सांगून आलं तेव्हा अण्णा मुलगा बघून आले आणि म्हणाले, "मुलगा चांगला आहे. बँकेत आहे. पण बोलताना वाक्याच्या टोकाला स्वल्प बाक येतो." पुतणीने त्याच मुलाशी लग्न केलं आणि ती सुखात आहे, हे अण्णांना अजून पटलेलं नाही.

"आमच्या लग्नाच्या वेळी यांच्या घरी टेबल नव्हतं," रुक्माक्का सांगायच्या. "म्हणून मी वाचले. नाहीतर मलाही लोळवून बघितलं असतं."

तर असा हा माणूस निवृत्तीनंतर परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या क्यूचे शाफ्ट बनवत असे. क्यू म्हणजे बॉल मारायची काठी आणि शाफ्ट म्हणजे तिचा पुढचा निमुळता भाग. काठीचं सगळं शहाणपण त्यातच असतं, असं अण्णांचं म्हणणं. लाकूड परदेशी ॲशचं. कुठल्याशा जुन्या व्यायामशाळेने मोडीत काढलेले डबलबार त्यांनी टेम्पोत घालून आणले होते. "दोन पिढ्या या लाकडाला लोंबकळल्या," ते म्हणत, "तरी यात फार बाक नाही." त्यांच्या तोंडून ही भलतीच मोठी स्तुती होती.

त्यांच्या कामाला घाई हा प्रकार ठाऊक नव्हता. चौकोनी पट्टीवर रंधा मारून थोडं लाकूड काढायचं, की ती पट्टी सुतळीने आढ्याला टांगायची. मग कित्येक आठवडे तिला हात लावायचा नाही. "कापलं की लाकूड रुसतं," अण्णा समजावत. "कुठल्या अंगाला रुसतंय ते बघायचं. रुसवा गेला की पुढचा हात मारायचा." असे हात मारत मारत चौकोनाचा अष्टकोन आणि अष्टकोनाचा गोल होई. ॲशच्या रेषा बाणांसारख्या उमटत. ते बाण एका ओळीत टोकाकडे गेले पाहिजेत, नाहीतर शाफ्ट गेला जळणात. शेवटी टोकाला पितळी टोपी, तिच्यावर चामड्याची टिकली आणि टिकलीवर निळा चॉक घासायचा. चॉक नसेल तर चामडं बॉलवरून घसरतं. शेडमध्ये नुसत्या काठ्या लोंबत असत आणि खाली वाट बघणारी गिऱ्हाइकं उभी असत.

तेव्हा बंगलोरमध्ये पूल पार्लरांचं पेव फुटलं होतं. मल्लेश्वरमच्या अशाच एका पार्लरच्या मालकाने अण्णांकडे काम दिलं होतं. मी शनिवारी तिथे खेळायला जात असे, म्हणून एकदा अण्णांनाही घेऊन गेलो. ते खेळ बघेनात. त्यांनी स्टँडवरची एक क्यू काढली आणि खेळ चालू असलेल्या टेबलावर, बॉलच्या मधून, सरळ लोळवली.

"अण्णा, गेम चालू आहे," मालक म्हणाला.

"चालू दे की. ही काठी काय चालत नाही."

खेळणाऱ्यांनी मग त्यांनाच एक डाव खेळायला लावला. अण्णांनी मारलेला बॉल टेबलावरून उडून कोणाच्या तरी खुर्चीखाली गेला. अण्णांनी क्यूच्या टोकाकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं आणि म्हणाले, "बॉल तपासून घ्या."

मीही त्यांच्याकडे एक शाफ्ट सांगून ठेवला होता. एके दिवशी त्यांनी खिडकीजवळची काठी उतरवली, टेबलावर लोळवली, डोळा मिटून बघितली आणि काहीच बोलले नाहीत. 'सरळ आहे' असं मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. बाक सापडला नाही तर ते गप्प बसत. "अजून जाड आहे. चार-दोन हात मारायचेत," एवढंच म्हणाले. "पण ही तुमची." ऑफिसमध्ये मी ही बातमी बढती मिळाल्याच्या थाटात सांगितली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत रुक्माक्का धुण्याच्या दगडापाशी घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं की महिन्याभरात चालायला लागल्या तर चालतील, नाहीतर पलंग कायमचा.

चालण्यासाठी चार पायांचा स्टीलचा घोडा आणला. अण्णांनी तो फरशीवर ठेवला, हलवला, डोळा मिटला आणि सवयीने बोलून गेले, "याचा एक पाय स्वल्प आखूड आहे." झालं. अक्कांना निमित्तच हवं होतं. त्या घोड्याला त्यांनी बोटही लावलं नाही. कोणी उठा म्हटलं की उद्या बघू म्हणत आणि भिंतीकडे तोंड करून झोपत. एरवी जिभेने अख्खी गल्ली हलवणारी बाई अशी गप्प झालेली बघून आम्हाला भीती वाटायला लागली.

शेवटी त्या माधवीजवळ बोलल्या. "उठायचं काय गं, उठेन. पण मी आता वाकडी चालणार. आणि हे डोळा मिटून बघत बसणार. आजवर लोकांची लाटणी नापास केली, आता मला करतील. ते नको मला."

मी हे जसंच्या तसं शेडमध्ये जाऊन अण्णांना सांगितलं. अण्णा रंध्याचं पातं पुसत होते. पुसत राहिले. पुसता पुसताच "सरी" म्हणाले. मला त्यांचा राग आला.

दुसऱ्या दिवशी बघतो तर खिडकीजवळची सुतळी रिकामी. माझा शाफ्ट अण्णांनी कापून कमरेएवढा केला होता, वर मूठ बसवली होती, खाली पितळी टोपी आणि चामड्याची टिकली. अजून जाड होता, म्हणूनच काठीला चालला. खोटं कशाला सांगू, आधी मला माझ्या क्यूचंच वाईट वाटलं.

"अण्णा, काठीला खाली रबर लावतात."

"रबराने जमीन कळत नाही," अण्णा म्हणाले आणि टोकाला निळा चॉक घासला.

काठी त्यांनी पलंगाला टेकवून ठेवली. अक्कांना चाल म्हणाले नाहीत, काठीबद्दल अक्षर बोलले नाहीत. "मी मागे आहे. काम आहे," म्हणाले आणि शेडमध्ये गेले. रंध्याचा आवाज सुरू झाला.

मग हा रोजचाच नेम झाला. दुपारभर रंधा चाले. रविवारी मी डोकावलो तर आढ्याला नवी काठी एकही नव्हती. अण्णा फळकुटाच्या तुकड्यावर रंधा ओढत होते आणि तुकडा झिजून विड्याच्या पानाएवढा पातळ झाला होता.

"हा कशाचा शाफ्ट?"

"कशाचा नाही."

"मग?"

"हळू बोला," अण्णा म्हणाले. हात चालूच होता. "आवाज थांबला की ती बसते."

मी तिथेच उभा राहिलो. थोड्या वेळाने घरातून भांडं पडल्याचा आवाज आला, पाठोपाठ अक्कांनी मांजराला दिलेली शिवी. आवाज स्वयंपाकघरातून आला होता, पलंगावरून नव्हे. अण्णांनी आणखी थोडा वेळ रंधा ओढला, मग खाली ठेवला आणि मुद्दाम खोकत, पाय घासत घरात गेले. मी मागोमाग गेलो.

त्यांच्या घरातली जमीन जुन्या पद्धतीची, लाल, घोटून गुळगुळीत केलेली. तिच्यावर निळे ठिपके उमटले होते. पलंगापासून निघून दारापर्यंत, दारातून देवघरावरून स्वयंपाकघराकडे. प्रत्येक ठिपक्यापाशी काठी टेकली होती. ओळ पार वेडीवाकडी होती. मध्येच डावीकडे कलली होती, एके ठिकाणी भिंतीला जाऊन परतली होती, उंबऱ्यापाशी तर ठिपक्यांची नुसती गर्दी होती. तिथे अक्का बराच वेळ अडल्या असाव्यात.

अण्णा पलंगापाशी गुडघे टेकून खाली वाकले. गाल जवळजवळ जमिनीला लावला आणि एक डोळा मिटला. ती ओळ त्यांनी पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्यापर्यंत सावकाश बघितली. आता काय म्हणणार ते मला पाठ होतं.

"सरळ आहे," अण्णा म्हणाले.

माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत.

"काय सरळ आहे हो?" आतून अक्कांनी विचारलं.

अण्णा धडपडत उठले, धोतर झटकलं.

"फरशी," म्हणाले.