पवनचक्कीखालचं धोंड्याचं वाण

मामाजींना नेदरलँडमधली पवनचक्की दाखवायची तर ती सायकलवरूनच, असा एक छोटासा निर्णय मी घेतला. माझे बहुतेक निर्णय तत्त्वाचे असतात आणि (बायको म्हणते) त्यांचा त्रास दुसऱ्यालाच होतो. या वेळी अपवाद झाला.

मी ईशान, मूळचा अमरावतीचा. सध्या डेल्फ्टमध्ये पाण्याच्या व्यवस्थापनावर संशोधन करतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर तुमचा विश्वास बसणार नाही.

मामाजी म्हणजे माझ्या बायकोचे, वर्षालीचे वडील, खुशालराव. चांदूर रेल्वेजवळ त्यांचा भाजीपाल्याचा मळा आहे. लेकीकडे यायला ते जन्मात पहिल्यांदा विमानात बसले आणि आले ते नेमके अधिक महिन्यात. आमच्या लग्नानंतरचा पहिलाच धोंड्याचा महिना. त्यांचे स्वतःचे कपडे जेमतेम होते, पण एका वेगळ्या पिशवीत जावयाचं वाण पूर्ण होतं: सासूबाईंनी केलेले तेहेतीस अनारसे, ताट, चांदीचा दिवा, सदरा-पायजमा आणि जरीची टोपी.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी जमिनीवर वर्षालीची योगाची चटई अंथरली (पाट कुठून आणणार?) आणि म्हणाले, "जवाईबापू, बसा. पाय धुतो तुमचे."

मी बसलो नाही. उभ्यानेच भाषण दिलं. वडिलांच्या वयाच्या माणसाने माझे पाय का धुवायचे? जावयाला देव कोणी केलं? समता घरापासून सुरू होते की नाही? (कॉलेजात या विषयावर मला ढाल मिळालेली आहे.)

वर्षालीने विचारलं, "आणि अनारसे? ते खायला तत्त्व आडवं येतं का?"

"वाण म्हणून येतं. नाश्ता म्हणून नाही."

"नाश्त्याले नाही आणले," मामाजी म्हणाले आणि त्यांनी पिशवीची चेन लावली.

त्यानंतर ती पिशवी आमच्याबरोबर नेदरलँड बघू लागली. कालव्यातल्या बोटीत ती मामाजींच्या मांडीवर बसली. संग्रहालयात त्यांनी ती लॉकरमध्ये ठेवायला नकार दिला आणि आम्ही दोघं संग्रहालय बाहेरून बघून आलो. "जवाईबापूचं मन कवा फिरन, सांगता येत नाही," असं त्यांनी वर्षालीला सांगितलं होतं. मला काही म्हणत नव्हते. त्याचाच मला राग येत होता. भांडले असते तर माझ्याकडे आणखी मुद्दे होते.

सासूबाई रोज फोनवर विचारायच्या, "झालं का वाण?"

"होऊन राहिलं," मामाजी म्हणायचे.

त्यांचं परतीचं विमान दुसऱ्या दिवसावर आलं तेव्हा स्वयंपाकघरातून बापलेकीचं बोलणं माझ्या कानावर पडलं. "डबा तसाच वापस नेला तर तुह्या मायले काय सांगू? जवाई चांगला हाय, पन त्याले आपलं देलेलं नको हाय, असं सांगू?"

यावर माझ्याकडे मुद्दा नव्हता. म्हणून निदान पवनचक्की तरी दाखवावी असं ठरवून मी शेजाऱ्यांकडून सायकल मागून आणली.

ही सायकल म्हणजे पुढे मोठं लाकडी खोकं असलेली गाडी. डच लोक त्यात मुलांना बसवून शाळेत नेतात. मी मामाजींना बसवलं. वर्षाली ड्युटीवर होती, नाहीतर तिने मलाच त्यात बसवलं असतं. डोक्यावर पांढरी टोपी, मांडीवर पिशवी, असे मामाजी पुढे आणि मागून पेडल मारत बोलणारा मी. गावाबाहेरच्या पवनचक्कीपर्यंत मी त्यांना या देशाने पाणी कसं काबूत ठेवलं ते समजावलं. वाटेतला एक चर दाखवून म्हणालो, "हे हिरवळीसारखं दिसतं ना, ते शेवाळ आहे. खाली पाणी असतं. नवखा माणूस फसतो."

"हो का," मामाजी म्हणाले.

पवनचक्कीपाशी मी त्यांचा फोटो काढायला लागलो. पाती पूर्ण येईनात. एक पाऊल मागे गेलो. आणखी एक.

"जवाईबापू, मागं ते..."

"हलू नका मामाजी, प्रकाश चांगला आहे."

"मंगाशी तुमीच सांगतलं ना, ते..."

मी हिरवळीवर पाय ठेवला आणि दिसेनासा झालो.

वर आलो ते ओरडतच. मला पोहता येत नाही. मामाजी काठावर उकिडवे बसले, खांद्यावरचा दुपट्टा माझ्याकडे फेकला आणि म्हणाले, "आधी उभे राहा, बापू. कमरेइतकंच हाय."

होतं खरं.

काठावर मी कुडकुडत बसलो. गुडघ्यापर्यंत काळा चिखल, बोटं आखडलेली, बुटाची नाडी सुटेना. मामाजी माझ्यासमोर बसले, बूट काढले आणि बाटलीतल्या पाण्याने माझे पाय धुवायला लागले. समतेबद्दल बोलायला मी तोंड उघडलं, पण दात इतके वाजत होते की नुसता टकटक आवाज आला. मग त्यांनी पिशवीतून सदरा-पायजमा काढला. सासूबाईंनी माप लग्नाच्या फोटोवरून घेतलं असावं. पायजमा पोटरीवरच संपला. "टोपीबी घाला. डोकं ओलं हाय."

पाय धुऊन झाले होते, कपडे झाले होते, टोपी झाली होती. ताटात अनारसे मांडून मामाजी थांबले. वाऱ्यात दिवा काही पेटला नाही.

"हे देऊ का वापस नेऊ?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच विचारत होते, आणि माझ्याकडे न बघता.

"द्या," मी म्हणालो आणि ताट घेऊन त्यांच्या पाया पडलो. हे विधीत नव्हतं, त्यामुळे माझं तत्त्वही थोडं वाचलं. मामाजींनी आपली टोपी सारखी केली आणि पहिला अनारसा माझ्या हातात ठेवला.

इतका चांगला अनारसा मी आयुष्यात खाल्ला नव्हता. कुडकुडताना सात संपवले.

परतताना चिखलाने भरलेले माझे बूट पेडलवरून घसरत होते. मामाजींनी कितीक वर्षं सायकलवर भाजी नेलेली. त्यांनी हँडल धरलं आणि मला खोक्यात बसवलं. जरीची टोपी, मांडीवर ताट. रस्त्यातली मुलं हात करत होती. मीही केला.

रात्री सासूबाईंचा फोन आला. मामाजींचा आवाज पहिल्यांदाच मोठा होता. "झालं वाण. जवाईबापूनं काई कुरकुर नाही केली. पाय धुवाले तर सोताच पान्यात उतरले."

दुसऱ्या दिवशी विमानतळावर ते मला म्हणाले, "पुढचा धोंडा आता तीन वर्सांनी. तवर पोहनं शिकून घ्या."

शिकतो आहे. इथल्या तलावात नवशिक्यांची एकच तुकडी आहे आणि तीत माझ्याखेरीज सगळे पाच-सहा वर्षांचे आहेत. परवा त्यातल्या एका मुलीने मला ओळखलं. खोक्यात बसून जाणारा तो तूच ना, म्हणाली, आणि तरंगण्यासाठी दंडावर चढवलेले स्वतःचे हवेचे बाजूबंद काढून मला दिले. मी तत्त्वाचा प्रश्न न काढता ते घातले.