हेलनला हूं कोण म्हणणार

"ती बाई एकटीच बोलतेय गं. तिला हूं म्हणत जा."

सुप्रभाच्या सासूबाई यमुनाताई रेडिओकडे बोट दाखवून म्हणाल्या होत्या. बर्मिंगहॅमच्या त्यांच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी अकराला स्थानिक रेडिओवर हेलन नावाची बाई बातम्या सांगे. कुठला रस्ता खणलाय, कचऱ्याची गाडी कधी येणार, कौन्सिलने आता काय बंद करायचं ठरवलंय. यमुनाताईंना त्यातलं इंग्रजी चार आणेच कळायचं. पण कहाणी ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो, नाहीतर सांगणाऱ्याच्या तोंडाला कोरड पडते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. भाजी निवडता निवडता त्या प्रत्येक बातमीला हूं म्हणायच्या. शेवटच्या आजारात त्यांनी सुनेकडून एवढंच वचन घेतलं. दागिन्यांबद्दल चकार शब्द काढला नाही.

सुप्रभाने नेम धरला. हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंट विभागात ती पेशंटांना पत्रं पाठवायचं काम करी. अकराला चहाची सुट्टी झाली की ती खिडकीपाशी बसे, कानात बारीक आवाजात हेलन, डोळे मिटलेले, आणि बातमीगणिक हळूच एक हूं. बातम्या संपल्या की पुन्हा कामाला. तिचा कुणाला काडीचा त्रास नव्हता, त्यामुळे ती कुठल्याच रिपोर्टमध्ये नव्हती.

एके दिवशी हेलनने चाचरत सांगितलं, की ऐकणारं कुणी उरलेलं दिसत नाही, तेव्हा हा कार्यक्रम चालू ठेवावा का, याचा वरिष्ठ विचार करताहेत. सुप्रभा त्या बातमीला हूं म्हणाली नाही. होकार दिल्यासारखं झालं असतं.

शनिवारी तिने मराठी मंडळात विषय काढला आणि मंडळ पेटून उठलं. अध्यक्ष श्रीनिवासराव हे निवृत्त भूलतज्ज्ञ. स्थानिक पत्रकारिता हा लोकशाहीचा कणा आहे, हे त्यांनी इतक्या सविस्तर पटवून दिलं, की मागच्या दोन रांगा जुन्या सवयीने झोपल्या. ठराव एकमताने मंजूर झाला. उपसमिती नेमली गेली. 'मी माझा रेडिओ ऐकतो' असे टी-शर्ट छापायचं ठरलं. व्हॉट्सॲप ग्रुप निघाला आणि त्यावर कुणी काही लिहायचं नाही, असा पहिला नियम झाला.

"पण ऐकायचं कुणी?" सुप्रभाने विचारलं.

सभागृहाने आपापल्या डायऱ्या उघडल्या.

"अकराला माझी मीटिंग असते," कुणीतरी म्हणालं.

"मी ऐकलंच असतं हो, पण आमच्याकडे रेडिओ कुठाय?"

"गाडीत आहे की तुमच्या."

"गाडीत मी पुण्याच्या बातम्या ऐकतो. तिथल्या ट्रॅफिकची काळजी वाटते."

मंडळाची चिटणीस नंदा अशा पेचातून वाट काढण्यात पटाईत. "अहो, यात अवघड काय आहे? पूजा सांगताना सगळं यजमान करतो. बायको नुसता त्याच्या हाताला हात लावते, पुण्य दोघांना. सुप्रभा ऐकतेच आहे ना? आपण तिच्या हाताला हात लावू."

सर्वांना एकदम हलकं वाटलं. मेडनहेडच्या गुरुजींनी व्हिडिओवरून संकल्प सांगितला. सुप्रभाने उजवा हात पुढे केला आणि रांग लागली. ज्यांना घाई होती त्यांनी पुढच्याच्या कोपराला हात लावला. जे आले नव्हते त्यांच्या वतीने शेजाऱ्यांनी लावला. मग मंडळाने रेडिओला कळवलं, की आमची समस्त कुटुंबं आपला कार्यक्रम नित्यनेमाने श्रवण करतात.

इकडे ऑफिसात कुणाचं कामात लक्ष नाही, असं वरिष्ठांच्या लक्षात आलं होतं. बाहेरून एक तज्ज्ञ बाई बोलावली गेली. तिच्या सल्ल्याने अकरा ते बारा 'फोकस अवर' सुरू झाला. त्या तासात लक्ष विचलित होऊ नये म्हणून दर थोड्या वेळाने घंटा वाजे. घंटा वाजली की आपलं लक्ष कितपत लागलं होतं, ते स्क्रीनवर भरायचं. ज्यांचं कमी भरे, त्यांना कार्यशाळेला पाठवत. ज्यांचं जास्त भरे, त्यांना त्याच कार्यशाळेत अनुभव सांगायला. पेशंटांची पत्रं साचू लागली. साचलेल्या पत्रांकडे लक्ष वेधण्यासाठी रोज एक मीटिंग भरू लागली.

सुप्रभाचा मॅनेजर क्षितिज हा इथेच जन्मलेला, मंडळातल्याच घरातला. एके दिवशी तो तिच्या टेबलापाशी आला.

"सुप्रभाकाकू, त्या एक्स्पर्टने तुम्हाला बघितला. विंडोजवळ, आइज क्लोज्ड, हूं, हूं. शी वॉज सो इम्प्रेस्ड. होल डिपार्टमेंटमध्ये फक्त तुम्हीच फोकस करतो."

"अरे, मी रेडिओ ऐकत होते."

"रेडिओ इज अ डिस्ट्रॅक्शन, काकू. तो काढायची. बाकी सगळा सेम ठेवायचा. अकरा ते बारा, ग्लास रूममध्ये. सगळ्या टीमच्या वतीने तुम्ही फोकस."

"त्या वेळी माझा नेम असतो रे."

"एक्झॅक्टली," क्षितिज भारावून म्हणाला. "आम्हाला तोच तर पाहिजे."

अशा रीतीने सुप्रभाच्या छातीवर 'फोकस चॅम्पियन' असा बिल्ला लागला आणि ती काचेच्या खोलीत बसू लागली. विभाग बाहेर उभा राहून तिचं लक्ष बघे. कार्डिफच्या एका हॉस्पिटलातून शिष्टमंडळ येऊन गेलं. त्यांनी फोटो काढले. आत सुप्रभाला दिसायचं एवढंच, की घड्याळात अकरा वाजलेत, कुठेतरी हेलन बोलतेय आणि तिला हूं म्हणणारं कुणी नाही. वेळ बदलून मिळावी म्हणून तिने विनंती केली. अशा विनंत्या अकरा ते बारा या वेळेतच ऐकल्या जात.

तिने नंदाला फोन केला. "अगं, माझं ऐकणं बंद पडलंय."

"कुणाला सांगू नकोस. संकल्प झालाय ना? मग झालं तर."

पुढच्या महिन्यात एका सोमवारी श्रीनिवासराव गुडघा दाखवायला निघाले, अंगात मंडळाचा टी-शर्ट. हॉस्पिटलला जाणारी बस आली नाही. दुसरीही आली नाही. तो मार्गच बंद झाला होता. हेलन दोन आठवडे सांगत होती, की बस बंद होतेय, कुणाची हरकत असेल तर कौन्सिलला कळवा. एकही हरकत गेली नाही. लोकांना बस नको आहे, असं कौन्सिलने समाधानाने नोंदवलं.

मंडळाची तातडीची सभा भरली.

"आम्हाला कुणी सांगितलंच नाही," श्रीनिवासराव कडाडले. "सुप्रभा, अगं आम्ही तुझ्या हाताला हात लावला होता. आमच्या श्रवणात खंड पडलाच कसा?"

"हात सगळ्यांनी लावलात, काका," सुप्रभा हळू आवाजात म्हणाली. "कान कुणी लावला नाही."

हा उद्धटपणा असल्याचं सभेचं एकमत झालं.

लवकरच हेलनचा कार्यक्रम बंद होणार असल्याचं जाहीर झालं आणि मंडळ पुन्हा पेटून उठलं. घेतल्या व्रताचं उद्यापन नको का? हेलनला बोलावून शाल-नारळ देण्यात आला. बारीक चणीची, पिकल्या केसांची बाई. नारळ कसा धरायचा ते तिला कळेना. बोलायला तिला दोन मिनिटं मिळाली.

"सोमवारी माझं शेवटचं बातमीपत्र," ती म्हणाली. "इतकी वर्षं मला प्रश्न पडायचा, की पलीकडे कुणी..."

इतक्यात बटाटेवडे आले. सभागृह उठलं. हेलन अर्ध्या वाक्यात थांबली. तेवढ्यात मागच्या खुर्चीतून बारीक आवाज आला.

"हूं."

हेलनने वर पाहिलं. मग उरलेलं सगळं ती त्या एका खुर्चीकडे बघून बोलली. बोलणं झाल्यावर तिने विचारलं, "सोमवारी असाल?"

"असेन," सुप्रभा म्हणाली.

सोमवारी अकराला पाच कमी असताना काचेबाहेर गर्दी जमली होती. एक मोठे साहेब मुद्दाम आले होते. सुप्रभाने बिल्ला काढला, खुर्चीच्या पाठीला लावला आणि पर्समधला छोटा रेडिओ घेऊन ती बाहेर पडली. खुर्ची विभागाच्या वतीने लक्ष देऊ लागली. साहेबांनी तिचं फार कौतुक केलं.

आता एवढी हकीगत सांगून झाली, पण तुमच्याकडून एकदाही हूं आलं नाही. असू द्या. तुम्हीही कुणाच्या तरी हाताला हात लावून वाचत असाल. सुप्रभा जिना उतरतेय. बंद पडलेल्या बसच्या थांब्यावरचं बाकडं आता कायमचं मोकळं असतं, तिथे जाऊन ती रेडिओ लावील. तुमच्या वाटचं हूंही तिलाच म्हणायचंय, म्हणून जरा भराभर चाललीय.