मालनताईंचा वस्तरा

आमच्या सोसायटीत वस्तऱ्याला धार लावणारी एकच व्यक्ती आहे आणि तिला दाढी येत नाही. तळमजल्यावरच्या मालनताई. एकट्या राहतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. रिटायर झाल्यावर बायका भजनी मंडळाकडे वळतात. ताई वस्तऱ्याकडे वळल्या.

सकाळी दार उघडं टाकून त्या टेबलावर जाड काच मांडतात. तिच्यावर पाण्याचे चार थेंब आणि त्यावर घासायची फिल्म, म्हणजे पॉलिश पेपरची सोज्वळ बहीण. खाली एक बुडबुडा राहिला तरी पुन्हा पहिल्यापासून. मग वस्तरा आडवा ठेवून, पाठ आणि धार दोन्ही टेकवून, पुढे-मागे, पुढे-मागे. मग फिल्म बदलायची, प्रत्येक आधीच्यापेक्षा बारीक दाण्याची. शेवटची तर इतकी गुळगुळीत की ती घासते, यावर नुसता विश्वास ठेवायचा.

काच घ्यायला सात रस्ता चौकातल्या दुकानात गेलो, तेव्हा मी सोबत होतो. ताईंनी पर्समधून स्टीलची पट्टी काढली, काचेवर उभी धरली आणि खालून उजेडाची फट दिसते का ते बघायला पलीकडून टॉर्च मारला. पाचव्या काचेला दुकानदार कळवळला, "ताई, काच हाय ती. सपाटच असणार की!"

"सपाट दिसणं येगळं, सपाट असणं येगळं."

दुकानदाराने चहा मागवला. स्वतःपुरता.

धार झाली की परीक्षा. "भाऊ, एक केस द्या." माझ्याकडे देण्याजोगे फार उरलेले नाहीत, पण हातात वस्तरा असलेल्या बाईला नाही कोण म्हणणार? तुटताना केस जरा हलला तरी धार नापास. "केसाला कळलं, तर धार कसली?"

हे सगळं कुणासाठी, हे विचारायची छाती मात्र कुणाची झाली नाही.

गेल्या रविवारी त्यांची एसटी चुकली, म्हणून मी त्यांना गाडीने मोडनिंबला घेऊन गेलो. तिथे भाऊ-भावजयीकडे त्यांचे वडील असतात. नव्वदीचे आबा ओसरीवर बसले होते. आम्हा दोघांकडे त्यांनी सारख्याच परकेपणाने पाहिलं. भावजय मला हळूच म्हणाली, "माणसं वळकू येत न्हाईत आता. अंगाला कुणी हात लावला की वरडत्यात. दाढीचं मशीन आणलं, ते फेकून दिलं."

ताईंनी पदर खोचला, पिशवीतून वस्तरा काढला. आबांचा चेहरा एकदम खुलला.

"किसना, आलास व्हय?"

"गावचा न्हावी," भावजय कुजबुजली. "वारून लई वर्सं झाली. मागं वन्संच्या हातनं जरा कापलं, तर म्हैनाभर जवळ येऊ दिलं न्हाई."

"आलो की, आबा," मालनताई म्हणाल्या.

आबांनी डोळे मिटले आणि मान वर करून गळा पुढे केला. ताईंनी साबण लावला, डाव्या हाताने सैल कातडी हलकेच ताणली. वस्तरा आवाज न करता फिरू लागला. आबा सुखावले.

"किसना, माझी मालन सोलापुरात असती. लई शिकलीय. पण येतच न्हाई बघ."

ताईंनी वस्तरा गळ्यापासून उचलला. फडक्याला पुसला. परत एकदा पुसला.

"कामात असंल, आबा. येईल की," त्या म्हणाल्या. "मान जरा हिकडं करा."