पाठमोऱ्या फोटोंचे चौलकर

पनवेलात चौलकरांच्या स्टुडिओत फोटो काढायला गेलं की पहिला हुकूम सुटायचा, "पाठ करा!"

नवीन गिऱ्हाईक गोंधळायचं. केसांना तेल चोपडून, पावडर थापून, उसना कोट घालून आलेला माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा आणि चौलकर काळ्या कापडात डोकं खुपसून त्याच्या मानेकडे टक लावून बघायचे. "चेहरा काय, सगळेच सांभाळतात," ते म्हणायचे. "मानेला खोटं बोलता येत नाही." मान मनात भरली तर एक फोटो तिचा, स्वतःच्या हौसेखातर, मग गिऱ्हाइकाला हवा तो, तोंडाचा. आमच्या शाळेचे हेडमास्तर या प्रकाराने इतके चिडले की तोंडाच्या फोटोतही त्यांचा राग उतरला. तोच फोटो शाळेच्या कार्यालयात लागला आणि मुलींना शिस्त लावायच्या फार कामी आला.

मी त्या शाळेत शिकवत होते आणि चौलकरांच्या स्टुडिओच्या वरच्या खोलीत राहत होते. ते चाळिशीला आलेले, एकटे. लग्नाचा विषय काढला की म्हणायचे, "उजेड गेला आता." ही सबब ते दुपारी बाराला सुद्धा सांगत.

हे मानेचं वेड त्यांनी जपानातून आणलं होतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर आपल्याकडची काही फौज तिकडे गेली, तिच्यात चौलकर होते. बंदुकीवर नव्हे, कोठारात कारकून. छावणीजवळच्या गावात एका म्हाताऱ्याचं फोटोचं दुकान होतं. किमोनो विकणाऱ्यांसाठी तो बायकांचे फोटो काढायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी सुट्टी मिळाली की चौलकर तिथे जाऊन बसायचे. म्हातारा बाईला पाठमोरी उभी करायचा, किमोनोचा गळा मानेवरून जरासा मागे ओढायचा, शेजारी फुलाची एखादी फांदी ठेवायचा आणि बाकीचा सगळा फोटो रिकामा सोडायचा.

परत येताना चौलकरांनी एक निळा किमोनो, त्याचा ओबी म्हणजे रुंद कमरपट्टा आणि एक कागदी छत्री आणली. पनवेलच्या दमट हवेत छत्रीचा कागद सुटला, तेव्हा त्यांनी पतंगाचा कागद चिकटवला. मग ती दिसायला जपानी आणि वाजायला संक्रांतीची झाली. दुसऱ्या स्टुडिओत पडद्यावर राजवाडे, कारंजी, हरणं रंगवलेली असायची. चौलकरांकडे नुसती पांढरी भिंत. "मागे काहीच नाही का हो?" असं कुणी विचारलं की ते दुखावून म्हणायचे, "आहे की. जागा आहे."

एका दिवाळीआधी बाजारातल्या पोपटशेटांना आपल्या साडीच्या दुकानासाठी मोठा फोटो हवा झाला. साडी नेसून उभी राहणार कोण? चांगल्या घरची मुलगी दुकानात टांगायची म्हणजे गावात बोभाटा. शेवटी माझ्याबरोबर शिकवणारी एस्तेर तयार झाली. एस्तेर बेने इस्रायल, म्हणजे इथली ज्यू; घर पिढ्यान्‌पिढ्या कोकणातलं, बोलणं अस्सल मराठी आणि स्वभाव बिनधास्त. तिचे वडील सॅम्युएलकाका पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी एकच अट घातली, "पोरीचा चेहरा दिसता कामा नये."

"मला तरी कुठं हवाय?" चौलकर म्हणाले. इतकं चटकन जमलेलं बोलणं मी आयुष्यात पाहिलं नाही.

मी सोबत म्हणून गेले होते. त्यांनी एस्तेरला जांभळी साडी नेसायला सांगितली, पदराची घडी ओबीसारखी पाठीवर बसवायला मला शिकवलं, स्वतः मात्र हात लावला नाही. पांगाऱ्याची एक फांदी पानं खुडून बाजूला ठेवली. मग कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. "चौलकर, मान मोडेल हो माझी," एस्तेर भिंतीला म्हणाली. तेवढ्यात तिला हसू आलं, खांदा किंचित हलला, आणि त्यांनी फोटो घेतला.

पोपटशेट फोटो बघून लालबुंद झाले. "मी साड्या विकतो की भिंती?" पण दिवाळी तोंडावर आली होती, टांगला. दुसऱ्याच दिवशी करंजाहून मासळी घेऊन आलेल्या कोळणी दुकानासमोर पाट्या उतरवून उभ्या राहिल्या. "आगो बाय, तोंड नाय दावत, पन उबी कशी हाय बग!" गावात तर पैजाच लागल्या. आळीतल्या तीन सासवांनी ती आपलीच सून असल्याचं ठामपणे सांगितलं, आणि ज्या सुनांना एरवी धड उभं राहता येत नाही म्हणून बोलणी बसत, त्यांना नवी साडी मिळाली. जांभळा रंग पनवेलात शिल्लक राहिला नाही.

ही बातमी मुंबईच्या एका कापडगिरणीच्या जाहिरातवाल्यापर्यंत गेली. तो मोटारीने आला, बरोबर एक नटलेली मुलगी. त्याला जपानी धर्तीचं अख्खं कॅलेंडर हवं होतं. चौलकरांचं नाव मुंबईत झालं असतं. त्यांनी आनंदाने किमोनो काढला. जाहिरातवाल्याने मुलीचं तोंड पांढरं फटक रंगवलं, ओठ चिमणीच्या चोचीएवढे केले; तेवढं चौलकरांनी चालवून घेतलं. मग त्याने किमोनोची उजवी बाजू डावीवर घेतली. नक्षी तशी छान दिसते म्हणे.

"डावी वर घ्या," चौलकर म्हणाले.

"अहो, इथे कुणाला कळतंय?"

"उजवी वर फक्त मेलेल्या माणसाला नेसवतात. ही पोर जिवंत आहे."

तो हसला आणि तसंच राहू द्या म्हणाला. चौलकरांनी कॅमेऱ्यावर कापड टाकलं, मुलीला प्यायला पाणी दिलं आणि किमोनो घडी करून पेटीत ठेवला. मोटार निघून गेली. मी हळहळले, तर मला म्हणाले, "त्या म्हाताऱ्याने मला चहा पाजलाय, बाई. त्याच्या घरच्या कपड्यांची थट्टा कशी करू?"

पुढल्या वर्षी एस्तेरच्या घरच्यांनी इस्रायलला जायचं ठरवलं. तिचे मामा, काका आधीच गेले होते. पासपोर्टचे फोटो अर्थातच चौलकरांकडे. सॅम्युएलकाकांचा झाला, काकूंचा झाला. एस्तेर समोर बसली, अगदी सरळ, कॅमेऱ्यात बघत. चौलकर कापडाखालून बाहेर आले, भिंग पुसलं, पुन्हा आत गेले. परत बाहेर आले आणि खिडकीचं दार उगाच लावून उघडलं. "काय झालं हो?" तिने विचारलं. "काही नाही. उजेड बघतोय," ते म्हणाले आणि फोटो घेतला.

त्या लोकांना निरोप द्यायला आम्ही स्टँडवर गेलो. काकूंची जड ट्रंक चौलकरांनीच वर चढवली. एस्तेर माझ्या गळ्यात पडून रडली. मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "या हो कधीतरी तिकडे." ते म्हणाले, "येतो की." मुंबईची गाडी तळ्यापाशी वळून दिसेनाशी झाली तेव्हा ते मला म्हणाले, "चहा घ्या माझ्याकडे. शाळा नाही ना आज?"

स्टुडिओत त्यांनी स्टोव्ह पेटवला, दोन कप विसळले. पाठमोरेच होते. चहा गाळला. मग विचारलं, "वर्गात कशा होत्या हो त्या? मुलींवर रागवायच्या?"

"रागवायची. पण दोन वाक्यांनंतर तिलाच हसू यायचं."

"असं?" त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. "आणि डब्यात काय आणायच्या?"

मी सांगू लागले. नारळाच्या रसातली आमटी, कैरी दिसली की सुटणारा ताबा, बेसूर गुणगुणणं, पहिल्या रांगेतल्या मुलींची सैल वेणी जाता जाता घट्ट करायची तिची सवय. ते ऐकत होते. त्यांनी स्वतःचा चहा तसाच ठेवला होता. कुणीतरी फोटोसाठी दार वाजवलं.

"आज बंद आहे," चौलकर बसल्या जागेवरून म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "कोणतं गाणं गुणगुणायच्या?"