सुभद्राबाईंचा आवाज

बारा वाजून गेले आणि जुनी शुक्रवारी वस्तीतले लाईट गेले. एरवी दिवसाउजेडी कुणाला ते कळलंही नसतं. पण त्या दिवशी एक वाजता नागपूरच्या आकाशवाणीवर सुभद्राबाईंची भुलाबाईची गाणी लागायची होती. ती ऐकायला गल्लीतल्या बाया जेवणखाण उरकून यमुताईंच्या विजेवरच्या मोठ्या रेडिओसमोर येऊन बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत रेडिओचा हिरवा दिवा मंद होत होत विझला.

"गेली लाईट!" गोपिका म्हणाली.

"आता ते तीन वाजेलोक येत नाई," यमुताई म्हणाल्या. त्यांनी रेडिओवर पुन्हा भरतकामाचा रुमाल घातला.

गाणी टेपवर भरून झाली होती. दसऱ्याच्या आधी चौघीजणी दोन रिक्षा करून सिव्हिल लाईन्सच्या आकाशवाणीत गेल्या होत्या. गाणाऱ्या सुभद्राबाई, आणि मागे झील धरायला यमुताई, पंचफुला आणि गोपिका. टेप आकाशवाणीकडे राहिली. ती एक वाजता वाजणार होती आणि मग संपणार होती. सुभद्राबाईंनी आयुष्यभर गाणी म्हटली, पण घरात 'म्हणा' असं त्यांना कुणी कधी म्हटलं नव्हतं. 'पुरे' मात्र पुष्कळदा म्हटलं होतं. पहिल्यांदाच कुणीतरी बोलावून घेऊन, समोर बसवून, खोलीतला पंखासुद्धा बंद करून त्यांचं गाणं ऐकलं होतं. मौद्याच्या भावाला आणि रामटेकच्या बहिणीला निरोप गेले होते. आणि ज्यांचा आवाज होता, त्या बाई स्वतःच आता तो ऐकू शकणार नव्हत्या.

"काहून तोंडं पाडून बसल्या वं?" सुभद्राबाई उठल्या. "माह्या घरी चला. आमचा रेडिओ सेलवरचा हाये. अन् बिघडला त बिघडला, माही सून त्याची डाक्टरीण हाये. बी. एस्सी. हाये. परवाच्या दिशी तिनं सारा खोलला अन् सारा लावला!"

बायांनी कौतुकानं सुनेकडे, जयवंताकडे पाहिलं.

परवा तिनं ट्रान्झिस्टर खोलला होता हे खरं होतं. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर यायची, म्हणून तिनं ते स्पिरिटनं साफ केलं होतं. साफ करताना आत एक हातभर नाही पण वीतभर काळी कांडी दिसली होती, आणि तिच्यावर केसाइतकी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. हाच याचा एरियल, हे तिला ठाऊक होतं. मोठ्या रेडिओला छपरावर जाळी बांधावी लागते. याची सगळी मदार या आतल्या कांडीवर. ती तार तुटली तर रेडिओ चालू होईल, पण त्याला जगातलं एकही स्टेशन सापडणार नाही. आपलं बोट तिला लागलं होतं का, हे तिला परवापासून आठवत नव्हतं. काल रात्री बातम्या नीट लागल्या होत्या. पण अर्धवट तुटलेली तार केव्हाही पूर्ण तुटू शकते, हेही तिला ठाऊक होतं. ठाऊक असण्याचा हा एक त्रास असतो.

नवरा मधुकरराव उमरेडला खाणीच्या ऑफिसात. शनिवारशिवाय यायचे नाहीत. म्हणजे जे होईल ते तिच्या एकटीच्या डोक्यावर.

घरी पोचताच तिनं स्वयंपाकघरात जाऊन नवे सेल घातले आणि रेडिओ लावून पाहिला. संत्र्यांचे भाव सांगत होते. तिला हायसं वाटलं. सेल वाचावेत म्हणून तिनं तो बंद केला.

तोवर अंगणात नवीनच प्रश्न निघाला होता. एवढ्याशा डब्याचा आवाज एवढ्या बायांना पुरणार कसा?

"माह्या माहेरी भाऊ रिकाम्या रांजणात ठेवते रेडिओ," सुभद्राबाई म्हणाल्या. "असा घुमते, का खळ्यावरलोक आवाज जाते."

"पण रांजण हाये कोणाकडे आता? साऱ्या नळाच्या बाया झाल्या," पंचफुला म्हणाली.

सुभद्राबाई आत गेल्या आणि आपल्या लग्नातलं तांब्याचं घंगाळ घेऊन आल्या. चांगलं खोल, जाड, दसऱ्याला चिंचेनं घासलेलं. उन्हात ते सोन्यासारखं झळकत होतं. "मातीत एवढा घुमते, त तांब्यात किती घुमन, सांगा बरं!"

हे सगळ्यांना पटलं. सुभद्राबाईंनी सुनेच्या हातून ट्रान्झिस्टर घेतला, घंगाळाच्या तळाशी उभा केला, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि म्हणाल्या, "लाव वं."

जयवंतानं हात आत घालून बटण फिरवलं. खर्रर्र. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. खर्रर्र. आकाशवाणी नव्हती, संत्री नव्हती, काहीच नव्हतं. तार तुटली, असं तिच्या मनानं तिला सांगून टाकलं.

"आत नेऊन पाहते," ती कशीबशी म्हणाली.

स्वयंपाकघरात तिनं पेचकस घेतला, मागचं झाकण काढलं, आणि बटण लावून काटा पुन्हा नागपूरवर आणला. रेडिओ ठणठणीत वाजू लागला. आता सरकीच्या पेंडीचे भाव. तिनं कशालाही हात न लावता झाकण बसवलं, तो बंद केला आणि बाहेर नेऊन घंगाळात ठेवून लावला. खर्रर्र.

"आत तू काय केलं होतं?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"काहीच नाही, आई."

"मंग इथं बी तेच कर ना."

समोरच्या ओट्यावरून नत्थूजी उठून आले. गल्लीतल्या प्रत्येक अडचणीत त्यांचं काहीतरी म्हणणं असे. "सूनबाई, स्टेशन कुठं हाये? सिव्हिल लाईन्सले. अन् याचं तोंड कुठं हाये? सक्करदऱ्याकडे. कसा ऐकन तो?" त्यांनी घंगाळ दोन्ही हातांनी धरून गरागरा फिरवलं. रेडिओनं सगळ्या दिशांना सारखीच खरखर केली.

"सेल थंडे असन," पंचफुला म्हणाली. "उन्हात ठेवा जराशीक."

"अवं, आताच नवे घातले तिनं!"

"नवेच थंडे असते."

जयवंतानं घड्याळाकडे पाहिलं आणि रेडिओ पुन्हा आत नेला. आत गेल्याबरोबर तो लागला. मग ती शास्त्राच्या विद्यार्थिनीसारखा विचार करू लागली. तार अर्धवट तुटली असेल, तर हलवल्यावर आवाज जायला हवा. तिनं तो हलवला. उलटा केला. चुलीजवळच्या ओट्यावर दोनदा आपटलासुद्धा. निवेदक पेंडीचे भाव न अडखळता सांगत राहिला. तेव्हा ती चालू रेडिओ हातात धरून, एकेक पाऊल मोजून टाकत, उंबरठा ओलांडून अंगणात आली. आवाज तसाच होता.

"लागला, लागला!" बायांनी टाळ्या वाजवल्या.

सुभद्राबाईंनी आनंदानं तो तिच्या हातून घेतला आणि घंगाळात ठेवला. खर्रर्र.

"सुभद्राबाई, तुमचा हात लागला का बंद होते तो," नत्थूजी म्हणाले.

सुभद्राबाई जरा मागं सरकल्या. त्यांनी आपले हात पदराखाली घेतले. ते पाहून जयवंताला रेडिओपेक्षा त्या हातांची जास्त काळजी वाटली.

"कोणाचा हात-बित नाई," यमुताई ठासून म्हणाल्या. "याले नजर लागली. एवढं रेडिओवर नाव येनार, नजर नाई लागन त काय होईन? घे वं गोपिका, मीठ अन् लाल मिरच्या आन."

जयवंता काही म्हणणार होती. पण तिच्या शास्त्रानं आतापर्यंत काही दिवे लावले नव्हते, त्यामुळे ती गप्प बसली. रेडिओ बंद करून, घंगाळातून काढून पाटावर ठेवला. यमुताईंनी मुठीत मीठ-मिरच्या घेऊन त्याची दृष्ट काढायला सुरुवात केली, आणि तिसऱ्या फेऱ्याला जयवंतानं बटण लावताच एक बाई स्वच्छ आवाजात म्हणाली, "आता ऐकू या सनईवादन."

"पायलं?" यमुताईंनी विजयानं गल्लीकडे पाहिलं. बायांनी हात जोडले. नत्थूजींनीही टोपी सारखी केली. मग चौघींनी मिळून, कुणा एकीच्याच हाताचा दोष नको म्हणून, रेडिओ उचलला आणि अलगद घंगाळात ठेवला.

खर्रर्र.

"बाप्पा!" पंचफुला म्हणाली. "एवढी जबर नजर कोणाची असन वं?"

सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. मग बऱ्याच जणींनी गोपिकेकडे पाहिलं.

"माह्याकडे काहून पाहून रायल्या?" गोपिका उसळली. "मी त स्वता गायली त्यात!"

जयवंता मात्र घंगाळाकडे पाहत होती. पाटावर वाजला. आत वाजला. हातात वाजला. उन्हात, सावलीत, नजरेसकट, नजरेशिवाय वाजला. आणि जिथं वाजला नाही ती जागा दरवेळी एकच होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बारावीतल्या पोरीलाही सांगता आलं असतं. जाड तांब्याच्या भांड्यात बाहेरच्या लहरी शिरणार कशा? आतली कांडी बिचारी तळाशी बसून कान देत होती, पण तिच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं. भावाचा रांजण मातीचा होता.

"आई," ती म्हणाली, "दोष घंगाळाचा आहे."

सगळ्यांनी घंगाळाकडे पाहिलं.

"माह्या घंगाळाचा?" सुभद्राबाई म्हणाल्या. "हे माह्या बापानं देलं. चाळीस वर्सं यात पानी तापलं, लेकरं न्हाली, कोणाले काई झालं नाई. अन् आज याच्यानं रेडिओ बिघडला?"

"बिघडला नाही. तांब्यातून आत लहरी जात नाहीत."

"कोनाच्या लहरी?" नत्थूजींनी विचारलं.

"आकाशवाणीच्या."

"वरतून त सारं उघडं हाये!" नत्थूजी घंगाळात वाकून म्हणाले. "आकाशातून येते त वरतूनच येईन ना?"

याला उत्तर होतं, पण ते फळ्यावर चित्र काढून द्यायला तास लागला असता. तेवढ्यात मिलचा एकचा भोंगा झाला. जयवंतानं सासरच्या घरात आल्यापासून कधी केलं नव्हतं ते केलं: कुणाला न विचारता हात घातला, रेडिओ उपसून काढला आणि छातीशी धरला.

"...सुभद्राबाई आणि त्यांच्या सहकारी," निवेदिका म्हणाली, "भुलाबाईची पारंपरिक गाणी सादर करत आहेत."

तो पाटावर ठेवताच साऱ्या बाया भोवती गोळा झाल्या. घुमायला काही नव्हतं, म्हणून डोक्याला डोकं लावून, श्वास धरून त्या ऐकू लागल्या. नत्थूजी टाचा उंचावून मागं उभे राहिले. सुभद्राबाईंचा आवाज आला, जरा पातळ, उंच, आणि कुठंही न कापणारा. पाठोपाठ तिघींची झील आली. जयवंतानं हेच गाणं मोरीतून, माडीवरून, डाळ निवडताना शंभरदा ऐकलं होतं. तिला ते आज पहिल्यांदा ऐकल्यासारखं वाटलं. तार शाबूत होती. तिचं काम झालं होतं. तिनं डोळे पुसले आणि सासूकडे पाहिलं.

सुभद्राबाईंच्या कपाळाला आठ्या होत्या.

"हे कोन म्हणून रायली?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्हीच, आई."

"माहा आवाज असा हाये? नाकातला?" गाणं संपेपर्यंत त्या पाटाजवळ आणखी वाकून ऐकत राहिल्या. संपल्यावर म्हणाल्या, "यमुताई, तुमचा अन् पंचफुलाचा आवाज जसाच्या तसा आला. गोपिकेचा बी आला. फकत माहाच बिघडवून टाकला यानं."

"काय सांगता!" यमुताई म्हणाल्या. "तुमचाच त अगदी बराबर आला. माहाच असा पोरीसारखा चिरका आला. माहा आवाज कसा भारी हाये, साऱ्याइले माहीत हाये."

"अवो, तुमचा एकदम ठीक होता," पंचफुला म्हणाली. "खराबी माह्यात हाये. मी का अशी बोलते?"

"तुमी तिघी तरी आल्या," गोपिका रडवेली झाली. "मी त मले सापडलीच नाई."

जयवंताला कारण ठाऊक होतं. आपण आपला आवाज निम्मा कानांनी आणि निम्मा स्वतःच्या हाडांमधून ऐकतो. बाहेरून आलेला आपला आवाज प्रत्येकाला परकाच वाटतो. चौघींनी जन्मात पहिल्यांदा आपला आवाज बाहेरून ऐकला होता. तिनं तोंड उघडलं. मग लहरींचं काय झालं ते तिला आठवलं. आणि सुभद्राबाईंचा चेहरा तिच्यासमोर होता: 'पुरे' म्हणणारी माणसं इतकी वर्षं बरोबर होती की काय, असं स्वतःला विचारणारा.

"बरोबर आहे, आई," ती म्हणाली. "रेडिओतच दोष आहे. तुमचा आवाज असा नाही. मी रोज ऐकते ना."

"मी काय म्हणते मंग!" चौघी एकदम म्हणाल्या.

तिनं पेचकस आणला. सगळ्यांसमोर झाकण काढलं, आत फुंकर मारली, आधीच घट्ट असलेला एक स्क्रू आणखी घट्ट केल्यासारखं केलं आणि झाकण बसवलं. मग रेडिओ लावला. दिल्लीहून बातम्या लागल्या होत्या. एक बाई त्या देत होत्या.

सुभद्राबाईंनी मान तिरकी करून थोडा वेळ ऐकलं. यमुताईंनी ऐकलं. नत्थूजींनी डोळे मिटून ऐकलं.

"हाव," सुभद्राबाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावरची आठी गेली. "आता आला बराबर. मी म्हटलं होतं ना, माही सून याची डाक्टरीण हाये?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. बातम्या देणाऱ्या बाईंचा आवाज अगदी जसाच्या तसा येत होता, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. त्या बाईंचं स्वतःचं याबाबत काय म्हणणं होतं, ते विचारण्याची सोय नव्हती.