गॅसवरच्या भाकरीचे प्रचारक

आमच्या शेजारचे डॉक्टर गाडेकर कुणाच्याही घरी गेले, की नमस्कार करायच्या आधी स्वयंपाकघराच्या छताकडे बघतात. छत धुरानं काळं झालेलं दिसलं की त्यांचा चेहरा खुलतो. मग घरातल्या बाईच्या हातात फुंकायचं मशीन येतं आणि डॉक्टर सुरू होतात, "सोडा, सोडा, सोडा... आणखी सोडा माय, बिलकुल हातचं राखू नका."

डॉक्टर फुप्फुसांचे संशोधक आहेत. जन्मात बिडीला हात न लावलेल्या बायकांना चुलीच्या धुरानं दम लागतो, तो वेळेत कसा ओळखायचा आणि आटोक्यात कसा ठेवायचा, हा त्यांचा विषय. रविवारी जालन्याहून गावं हिंडायला गाडी माझी, मशीन त्यांचं. तीर्थपुरीच्या एका लग्नात मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, तरी सनई वाजेना. सनईवाला मांडवामागे डॉक्टरांसमोर मशीनमध्ये फुंकत होता. यजमान माझ्याकडे बघत राहिले, मी पंख्याकडे.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे भाकरी. गॅसवरची भाकरी चुलीवरच्या भाकरीपेक्षा चवदार असते, असं ते दिसेल त्याला सांगतात. हे ऐकल्यापासून अनेकांना त्यांच्या डिग्रीबद्दलच शंका आहे. माझी बायको तर म्हणते, या माणसाला जेवायला बोलावून उपयोग काय.

गेल्या हिवाळ्यात आम्ही घनसावंगीकडे एका शेतात हुरडा खायला गेलो. तीन दगडांच्या चुलीवर ज्वारीच्या भाकरी फुगत होत्या. डॉक्टर वास घेत तिथंच घुटमळले. ताटात मात्र भाकरी घेईनात, नुसतंच भरीत खात बसले. मी खनपटीलाच बसलो, तेव्हा हळूच म्हणाले, "जीव जातो हो माझा हिच्यावर. पण मी चुलीवरची खाल्ली हे केदारखेड्याला कळलं, तर अक्का पुन्हा चूल पेटवील."

अक्का त्यांची केदारखेड्याला राहणारी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच चुलीपुढं बसून यांना वाढवलं. कित्येक वर्षं ती खोकल्याचं औषध पीत होती, दुखणं खरं काय ते भावाच्या मशीननं पकडलं. आता ती रोज तोंडानं औषधाचा पंप ओढते आणि न थांबता मळ्यापर्यंत चालते. चूल सोडायला मात्र तयार नव्हती. भावाला गॅसवरची भाकरी आवडायची नाही, एवढंच तिचं कारण. तेव्हापासून डॉक्टर हे खोटं बोलतायत.

मागच्या महिन्यात आम्ही तिच्याकडे जेवायला होतो. डॉक्टर गॅसवरच्या भाकरीच्या प्रत्येक घासाला वा वा करत होते. मध्येच पाण्याचा तांब्या भरायला ओसरीवर गेले, तशी अक्का मला वाढताना हलक्या आवाजात म्हणाली, "लहानपणी चुलीवरच्या भाकरीचा पापुद्रा पळवायचा हा. खोटं बोलून राह्यलाय, ते मला कळत न्हाई का?"

मी विचारलं, मग तुम्ही गप्प का?

"माझ्यापायी आवडीचं सोडलंय त्यानं. मंग मी बी ही बेचव भाकर खाते, त्याच्यापायी."

डॉक्टर आले, बसले, म्हणाले, "अक्का, झक्कास झालीय. अर्धी वाढ अजून."

अक्कानं अख्खी वाढली.